खांद्यांना आधी कळतं

लिहिलेली ओळ जमली की नाही, हे मला वाचून कळत नाही, खांद्यांवरून कळतं. खोटी ओळ उतरली की ते हळूच कानांकडे सरकतात, जबडा आवळला जातो आणि तहान नसताना मी माठाकडे जाते. खरी ओळ आली की खांदे आपसूक खाली येतात, लांब श्वास सुटतो आणि पायाची बोटं चपलेत हलायला लागतात. बोटांचा काय संबंध, देव जाणे!

भावनांचं तर उघडच आहे. अवेळी फोन वाजला की पोटात गोळा आधी येतो, कुणाचा फोन ते नंतर दिसतं. शरीर धोक्याच्या तयारीला लागलं की आतड्यांकडचं रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८४ मध्येच म्हणून ठेवलंय की आपण घाबरतो म्हणून थरथरत नाही, थरथरतो म्हणून घाबरतो. हे पुरतं खरं नसेलही, पण रात्रीच्या फोनपुरतं मला पटतं.

२०१३ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी सुमारे ७०० जणांना माणसाच्या आकृत्या रंगवायला दिल्या होत्या. कुठली भावना अंगात कुठे जाणवते, ते दाखवायचं. रागाचा रंग छातीत, डोक्यात आणि हातांत उतरला, दुःखात हातपाय मंदावलेले दिसले, आनंद मात्र सगळ्या अंगभर. फिनलंड, स्वीडन आणि तैवानच्या लोकांची चित्रं बरीचशी सारखी निघाली. हाच प्रयोग मे महिन्यात भुसावळला केला असता तर सगळ्यांनी सगळी आकृती लालच रंगवली असती, भावना कुठलीही असो.

पण काम हाताला लागतं तेव्हाचा रंग कुठला, हा माझा खरा प्रश्न. तो मी आमच्या मामीला मांडे करताना पाहून स्वतःपुरता सोडवलाय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर खापरावरच्या पुरणपोळ्या हव्याच. कणीक इतकी सैल, की लाटणं लावायची सोयच नाही. पुरण भरलेला गोळा मामी तळहातांवर थापते, मग या हातावरून त्या हातावर टाकत राहते. पोळी वाढत वाढत मनगटाखाली उतरते, कोपरापर्यंत येते, इतकी पातळ की पलीकडचा चुलीचा जाळ दिसावा. आणि नेमक्या एका क्षणी उपड्या खापरावर. त्या आधी तिचा श्वास रोखलेला असतो आणि पोळी टेकली की सुटतो. भोवती मुलं, पाहुणे, धूर, पण नजर पोळीवरही नसते, कुठेतरी भिंतीकडे. आता टाकायची, हे कसं कळतं, असं विचारलं तर म्हणाली, “माले काय माहीत? हातले समजस.” फाटलेल्या पोळीचंही तिला आधी कळतं. चीर दिसण्याआधीच तिची भुवई चढते.

बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं, हे आपण फार कौतुकाने सांगतो. मला त्यांच्या दंडांचं कौतुक वाटतं. आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या या बाईची गाणी दळताना, शेतात राबताना जुळली. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली म्हणून १९५२ मध्ये छापून आली. जात्यावर बसून पाहिलं की कळतं: खुंटा अंगाकडे ओढताना शब्द जड पडतो, पुढे ढकलताना सैल होतो, दम संपतो तिथे चरण संपतो. मामीकडे डाळ भरडायचं जातं अजून आहे. त्यावर मी गुणगुणून पाहिलं तर चाल मला निवडावी लागलीच नाही, हाताने निवडली. खुर्चीत बसून लिहिणाऱ्या आम्हा लोकांची वाक्यं इतकी लांबत का जातात, त्याचं उत्तर मला तिथे सापडलं. आम्हाला दम लागतच नाही.

म्हणून हल्ली अडलं की मी गच्चीवर जाते. फेऱ्या मारत वाक्य मोठ्याने म्हणायचं, पावलं अडखळली तिथे कात्री. शेजारच्या काकू कठड्यावरून बघतात, पण आता विचारत नाहीत. उन्हाळ्यात मात्र ही सोय बंद, कारण संध्याकाळी सातलाही फरशी पाय ठेवू देत नाही. दिवाळी अंकांचे संपादक लेख पावसाळ्यात मागतात, हे त्यांचे उपकारच.