रिमोटवरचा लाल ठिपका : आमची वाटचाल

२०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि बघता बघता गावोगाव डिजिटल शाळांची लाट आली. पाटणला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. लोकसहभागातून घेतलेले प्रोजेक्टर बसवायला मी वाड्यावस्त्यांवर जायचो. बसवून परतलो की दोन दिवसांत फोन, “आवाज येत नाही हो.” तेव्हाच ठरवलं, यंत्र द्यायचं ते गुरुजींच्या हातात बसवूनच निघायचं.

डोंगरावरच्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाई आमच्या पहिल्या ग्राहक. खिडकीला गोधडी टांगून त्यांनी वर्गात अंधार केला. कोणती वायर कुठे, याचं चित्र वहीत काढून घेतलं. रिमोटवरचं सोर्सचं, म्हणजे कोणत्या वायरवरचं चित्र दाखवायचं ते निवडायचं, बटण सापडेना, तर घरून नेलपेंट आणून त्यावर लाल ठिपका लावला. तेव्हापासून आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक रिमोटवर तो ठिपका असतो.

पुढे पाठ्यपुस्तकांत दीक्षा या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपचे क्यूआर कोड आले, मागणी वाढली. पतसंस्थेचं कर्ज काढून मी अकरा प्रोजेक्टर भरले. त्याच वेळी शहरातली एक मोठी कंपनी तालुक्यात उतरली. आमचं दरपत्रक चढं होतं, कारण त्यात प्रत्येक शाळेला तीन प्रशिक्षण भेटी धरल्या होत्या. तुलनात्मक तक्त्यात भेटींना रकानाच नव्हता! ऑर्डर गेली. ते अजून सलतं. त्यांची माणसं टीव्ही भिंतीला ठोकून गेली, पुन्हा फिरकली नाहीत. वर्षभरानं सॉफ्टवेअरचा परवाना संपला आणि धडे उघडेनात. शिक्षकांनी फोन केले ते आम्हाला. आम्ही गेलो, पैसे न घेता. सगळ्यांना मोफत मिळणारे धडे पेनड्राइव्हवर भरून दिले.

त्यातून सावरतोय तोवर मार्च २०२० उजाडला. शाळा बंद, मार्चअखेरची बिलं अडकलेली, हप्ते थकलेले. दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायची तयारी झाली होती. तेव्हा बाईंचा फोन आला. वाडीत रेंज नाही, मोजक्याच घरांत स्मार्टफोन. त्या घरी धडे रेकॉर्ड करायच्या, आम्ही ते लहान करून मेमरी कार्डवर भरायचो, दुधाच्या गाडीतून कार्डं वर जायची. पैसे त्यांनी स्वतःच्या पगारातून दिले. नंतर केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत त्यांनी हे सगळं मांडलं, आणि बाकीच्या शाळांचे फोन सुरू झाले.

शिक्षकांनो, एक सांगतो. व्हिडिओ सलग लावून खुर्चीत बसू नका. आदल्या संध्याकाळी रेंजमध्ये असताना धडा उतरवून घ्या, दीक्षावर तो नंतर नेटशिवाय चालतो. फेट या मोफत संकेतस्थळावरची सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे प्रयोग, मराठीतही आहेत, त्यांची फाइलही तशीच चालते. त्यातल्या विजेच्या प्रयोगात तार जोडण्याआधी मुलांना विचारा, बल्ब पेटेल का? हात वर होऊ द्या, भांडू द्या, मगच जोडा. आणि भलामोठा टचस्क्रीन पॅनल घेण्याआधी शाळेचं अर्थिंग तपासा. अर्थिंगअभावी जळालेले बोर्ड मी पोत्यानं आणलेत.

बाईंची गेल्या वर्षी बदली झाली. नव्या शाळेतला प्रोजेक्टर आमचा नव्हता. रुजू झाल्यावर चौथ्या दिवशी त्यांचा निरोप आला, “रिमोटला ठिपका लावलाय. एचडीएमआयची लांब केबल तेवढी पाठवा, दहा मीटरची.”