काळ्या सुयांसोबत नाशिक ते जपान

सेंद्रिय वाहक आणि चुंबकीय पदार्थांच्या परिषदेला निघताना पोस्टरची काळजी सगळे घेतात. खरं जपावं लागतं ते स्फटिकांना. नाशिकहून आम्ही जपानला नेले ते टीटीएफ-टीसीएनक्यूचे (टेट्राथायाफुल्वालिन आणि टेट्रासायनोक्विनोडायमिथेन या दोन सेंद्रिय पदार्थांच्या, वीज वाहणाऱ्या संयुगाचे) स्फटिक म्हणजे काळ्या, चमकदार, दोन-चार मिलिमीटर लांबीच्या सुया. या परिषदेत कुठलाही आलेख दाखवा, पहिला प्रश्न येतो तो स्फटिकाच्या जन्मकथेचा: कुठे वाढवला, कशाने उचलला, किती सावकाश थंड केला?

म्हणून सुरुवात वाढवण्यापासून. टीटीएफचा रेणुभार २०४.४ आणि टीसीएनक्यूचा २०४.२, त्यामुळे सारख्या वजनाची पूड घेतली की मोल, म्हणजे रेणूंची संख्याही जवळजवळ सारखीच होते. प्रत्येकी २० मिलिग्रॅम पुरे. यू आकाराच्या नळीच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरी पूड टाकायची आणि शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक काचेच्या कडेने अगदी थेंबाथेंबाने सोडायचं. दोन्ही द्रावणं एक-दोन आठवड्यांत मधल्या वाकणावर भेटतात आणि तिथे सुया उगवतात. घाई करून ओतलं तर दोन्ही लगेच मिसळतात आणि हाती फक्त काळा चुरा येतो. नाशिकच्या मार्चमध्ये दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठा फरक असतो. त्याने द्रावणात प्रवाह सुरू होतात, म्हणून नळी थर्मोकोलच्या पेटीत, रहदारीच्या रस्त्यापासून लांबच्या खोलीत ठेवायची. जुनं टीटीएफ हवेत खराब होतं. ते आधी शुद्ध करून घेतल्याशिवाय नळी भरूच नये.

बांधणीसाठी आम्ही सराफ बाजारातली रीत उचलली. हिरे ठेवायची दुमडलेल्या बटर पेपरची पुडी सुयांनाही उत्तम. एका पुडीत पाच-सहाच सुया, आणि अशा पुड्या काचेच्या छोट्या बाटलीत. कापूस घालायचा मोह टाळावा, कारण सुया तंतूंत अडकतात आणि सोडवताना मोडतात. प्लॅस्टिकची डबीही नको. कोरड्या हवेत स्थिर विजेने सुया तिच्या भिंतीला चिकटतात. सगळ्या सुया एकाच बाटलीत सुट्या टाकल्या तर कसारा घाट उतरेपर्यंत त्या एकमेकींवर घासून त्यांची टोकं गेलेली असतात. बाटली डिकीत न ठेवता वरच्या खिशात ठेवायची.

विमानतळासाठी संस्थेच्या पत्रावर पदार्थाचं पूर्ण नाव आणि मिलिग्रॅममधलं वजन लिहून घ्यावं. तपासणीच्या क्ष-किरणांची मात्रा इतकी कमी असते की स्फटिकाला धोका नाही. द्रावक मात्र सोबत नेऊ नये. ज्या स्फटिकांत द्रावकाचे रेणू अडकलेले असतात ते बाहेर काढल्यावर वाळून तडकतात, म्हणून असे नमुने या प्रवासाला नकोतच. परक्लोरेट क्षारही घरीच ठेवावेत, ते स्फोटक वर्गाच्या फार जवळचे आहेत.

परिषदेत सकाळची सत्रं वाहकांची होती. या विषयाचा पाया १९७३ मध्ये टीटीएफ-टीसीएनक्यूनेच घातला. खोलीच्या तापमानाला तो धातूसारखा वागतो, साधारण ६० केल्विनपर्यंत वाहकता वाढत जाते आणि ५४ केल्विनच्या आसपास पायर्ल्स संक्रमण (रेणूंच्या साखळ्या किंचित विकृत होऊन विजेची वाट अडणं) होऊन तो रोधक बनायला लागतो. १९८० मध्ये बेचगार्ड आणि जेरोम यांच्या गटांनी टीएमटीएसएफ या टीटीएफच्याच जातीच्या सेलेनियमयुक्त रेणूच्या हेक्झाफ्लुरोफॉस्फेट क्षारात सुमारे १२ किलोबार दाबाखाली, ०.९ केल्विनला अतिवाहकता (रोधाशिवाय वीज वाहणं) दाखवली. जन्मकथेचा सर्वांत सुंदर धडा देतो त्याच कुटुंबातला परक्लोरेट क्षार. २४ केल्विनला त्याचे ऋण आयन एका ठरावीक क्रमाने मांडले जातात. हा टप्पा संथपणे ओलांडला तर १.२ केल्विनच्या आसपास, दाबाशिवायच अतिवाहकता मिळते. झपकन थंड केलं तर आयन अस्ताव्यस्त गोठतात आणि सुमारे ६ केल्विनला तोच पदार्थ रोधक होतो. स्फटिक तोच, फक्त थंड करायचा वेग वेगळा! इथे वेग न लिहिलेला आलेख कुणी दोन मिनिटंही पाहत नाही, आणि ते योग्यच आहे.

दुपारी चुंबकांची पाळी. १९९१ हे वर्ष या शाखेला फार मोठं गेलं. निव्वळ सेंद्रिय रेणूंचा फेरोचुंबक ०.६ केल्विनला मिळाला आणि व्हॅनेडियम धातू आणि टीसीएनई या सेंद्रिय रेणूचा चुंबक खोलीच्या तापमानालाही टिकला. हवा लागताच तो नासतो, त्यामुळे बंद ग्लोव्हबॉक्सशिवाय त्याला हात लावता येत नाही. या मोजणीतली मोठी फसगत स्टीलच्या चिमट्यातून येते. नमुन्यात लोखंडाचा एक कण गेला की खोलीच्या तापमानाला ‘चुंबक’ सापडल्याचा भास होतो. टेफ्लॉनचा चिमटा वापरावा आणि नमुना ठेवायच्या रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलचं मापन आधी करून ते वजा करावं.

परत आल्यावर एक काम उरतं. त्याच घाण्यातल्या, म्हणजे एकाच वेळी वाढवलेल्या, अर्ध्या सुया आम्ही नाशिकलाच ठेवल्या होत्या. प्रवास केलेल्या आणि न केलेल्या एकेका सुईला २५ मायक्रॉनच्या सोन्याच्या चार तारा कार्बन पेस्टने लावायच्या. तारा ताणून ठेवू नयेत, थोड्या ढिल्या सोडाव्यात, नाहीतर आकुंचनाने सुई ओढली जाते. मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत मिनिटाला अर्धा केल्विन या गतीने ७७ केल्विनपर्यंत उतरायचं. रोध सलग घटत गेला तर सुई धड आहे. मध्येच पायरीसारखा वर उडाला तर कुठेतरी तडा गेलेला आहे, आणि ती सुई पुढच्या मोजणीतून बाजूला काढायची.