काझा ते मनाली सायकलवर: बातलचे दगड आणि आखूड कापलेली आउटर

शिमल्याकडून किन्नौर, स्पिती करत मनालीला उतरलो. नाको, ताबो वगैरे मस्तच, त्यावर लिहिणारे ढिगाने आहेत, मी सोडून देतो. मला बोलायचंय ते कुंझुम खिंड (४,५५१ मीटर) उतरल्यावर लागणाऱ्या बातल ते ग्राम्फू या पट्ट्याबद्दल आणि पुण्यातल्या ज्या दुकानाने निघायच्या आधी स्टेम (हँडल सायकलला धरून ठेवणारा तुकडा) बदलून, केबल बसवून बाराशे रुपये उकळले त्याबद्दल.

त्या माणसाने गिअरची आउटर (वायरवरचं जाड आवरण) इतकी आखूड कापली की सायकल फोटोत एकदम चिकणी दिसायची. "क्लीन लुक, सर." डांबरावर काहीच कळत नाही कारण तिथे हँडल पूर्ण वळतच नाही. बातलपुढे मात्र रस्ता असा नाहीच, चंद्रा नदीच्या कडेने नुसते गोटे, चालण्याच्या स्पीडने जायचं आणि हँडल सारखं या टोकाहून त्या टोकाला. प्रत्येक वेळी आउटर ताणली जायची, आतली वायर ओढली जायची आणि चेन आपोआप मोठ्या चकतीवर. मागे डिरेलरजवळचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आउटरचा लूपपण तोकडा, त्यामुळे वायर घासायची आणि चेन परत खाली यायला तयार नाही. वर नाल्यातलं पाणी, वाळू. डोकं फिरलं अक्षरशः.

नशिबाने जोडीदाराकडे मीटरभर गिअर आउटर होती. कटर नव्हता, एका ट्रकवाल्या भाऊंची पक्कड. पक्कडीने आउटर चेपते, म्हणून जुन्या वायरचा तुकडा आत ठेवूनच कापली, मग टोक दगडावर घासून सपाट केलं आणि आतली चेपलेली नळी सेफ्टी पिनने उघडली, टोकावर टोपी बसवली. ट्रकवाल्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजला.

तर जाणाऱ्यांनो, दुकानातून सायकल घ्यायच्या आधी तिथेच हँडल डावीकडे-उजवीकडे शेवटपर्यंत फिरवा, दोन्हीकडे आउटर जराही ताणली नाही पाहिजे. स्टेम किंवा हँडल उंच केलं असेल तर जुनी लांबी विसरा. फुल सस्पेन्शन (मागच्या चाकालाही शॉकअब्सॉर्बर) असेल तर मागचं सस्पेन्शन दाबूनही बघा. मागचा लूप डिरेलरमध्ये सरळ शिरला पाहिजे, तिथे मोडल्यासारखा दिसला तर आखूड, बाहेर फुगून दगडाला लागेल असा असेल तर लांब. पहिल्यांदा लांबच ठेवायला सांगा, नंतर बोटाच्या पेराएवढं कमी करता येतं, वाढवता येत नाही. आणि ४ मिमीची गिअर आउटर ब्रेकला लावणारा भेटला तर उलट्या पावली परत या, तिच्यातल्या तारा सरळ असतात, जोरात ब्रेक दाबला की फाटू शकते. ब्रेकची ५ मिमीची, स्प्रिंगसारख्या वेटोळ्याची.

सोबत मीटरभर गिअर आउटर, दोन वायर, चार टोप्या आणि छोटा कटर. वजनाची रड नको.

बातलहून उजाडताच निघा, दुपारी बर्फ वितळलं की नाले चढतात आणि मग सायकल खांद्यावर. बारीक टायरवर हा पट्टा करायला जाऊ नका. माझे तळवे अजून बधिर आहेत म्हणून कडक लिहितोय असं वाटेल, पण हा तुकडा जीपमध्ये टाकला तरी चालेल. कुंझुमपर्यंतचा भाग अजिबात सोडू नका.