पाचव्या महिन्यात जळलेला हॅमर: वॉरंटी मिळवण्याचा माझा अनुभव

२६ मिलिमीटरचा, ८०० वॉटचा एसडीएस-प्लस रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटमध्ये ठोकत भोकं पाडणारं ड्रिल (एसडीएस-प्लस ही बिट अडकवायची पद्धत). घेतल्यापासून पाचव्या महिन्यात आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारांनी गुंडाळलेला फिरता भाग, गेलं. वॉरंटी सहा महिन्यांची होती. सर्व्हिस सेंटरने आधी 'ओव्हरलोड' असा शेरा मारून ती नाकारली. अकराव्या दिवशी मात्र त्याच यंत्रात नवं आर्मेचर बसलं आणि एक पैसाही न भरता ते परत हातात आलं. मधल्या दिवसांत कोणता कागद कुठे कामाला आला ते लिहितो आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण रेलिंगवाला असो, प्लंबर असो की सुतार, कोणत्याही कंपनीच्या काउंटरवर हेच प्रश्न समोर येतात.

वॉरंटीचं निम्मं काम दुकानात यंत्र घेतानाच होतं. बिल जीएसटीचं, आणि त्यावर नुसतं मॉडेलचं नाव नको, यंत्राचा सिरियल नंबरही हवा. दुकानदार तो आपणहून लिहित नाही, सांगून लिहून घ्यावा लागतो. बिल थर्मल कागदावर असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स काढा. गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडखालच्या पेटीत ठेवलेलं थर्मल बिल उन्हाळ्याभरात कोरं होतं, आणि कोरं बिल कोणी धरत नाही. यंत्रावरच्या पाटीचा फोटोही त्याच दिवशी काढायचा. ग्रीस, घाम आणि सिमेंटची धूळ यांनी स्टिकर चार महिन्यांत पुसलं जातं, मग नंबर वाचता येत नाही म्हणून दावा अडतो.

दुसरी गोष्ट ऑनलाइन नोंदणी. आपल्याकडे व्यावसायिक यंत्रांना साधारण सहा महिने ते एक वर्ष वॉरंटी असते, आणि काही कंपन्या ठरावीक दिवसांत नोंदणी केली तर मुदत वाढवून देतात. ते दिवस वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात असतात. पाच मिनिटांचं काम आहे. माझ्या ओळखीतल्या दहा कारागिरांपैकी दोघेही ते करत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं, कारण वाढीव मुदत फुकट असते.

आता बिघाड. स्लॅबमध्ये अँकरसाठी १२ मिलिमीटरची भोकं पाडताना आवाज बदलला, वेग पडला, मागच्या जाळीतून कार्बनजवळ (फिरत्या आर्मेचरला घासून वीज पोचवणारे ठोकळे) गोल आगीचं कडं दिसलं आणि वार्निश जळाल्याचा वास आला. अशा वेळी बटण सोडायचं आणि परत दाबून बघायचं नाही. प्रत्येक वेळी बटण दाबलं की जळलेल्या जागेच्या शेजारची गुंडाळी जळते, आणि मूळ दोष कुठे होता याचा पुरावाच जातो.

सेंटरला जाण्याआधी तीन गोष्टी बघून घ्या. प्लग दुसऱ्या सॉकेटला लावून पाहा. केबल मुठीत शिरते तिथे, रबराच्या बुशच्या तोंडाशी, वाकवून पाहा; 'यंत्र मेलं' म्हणून येणाऱ्या पुष्कळ यंत्रांची तार तिथेच आतून तुटलेली असते. आणि कार्बनची टोपी बाहेरून असेल तर कार्बन काढून लांबी बघा. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली आला असेल तर तो संपलेला आहे. बऱ्याच चांगल्या यंत्रांचे कार्बन संपत आले की आतली स्प्रिंगची खुंटी बाहेर येऊन मोटर आपोआप बंद करते, म्हणजे आर्मेचरवरच्या तांब्याच्या कड्याला (कॉम्युटेटरला) ओरखडे पडत नाहीत. बाजारातल्या स्वस्त कार्बनमध्ये ती खुंटी नसते. शे-दोनशे रुपयांच्या जोडीत पन्नास वाचवायला जातो आणि आर्मेचर गमावतो.

बॉडीचा एकही स्क्रू उघडायचा नाही. ओळखीचा रिवाइंडर (जळलेली मोटर पुन्हा गुंडाळून देणारा) कितीही चांगला असला, तरी वॉरंटीच्या मुदतीत त्याच्याकडे द्यायचं नाही. स्क्रूच्या डोक्यावरचा ताजा ओरखडा टेक्निशियनला लगेच दिसतो.

काउंटरवर यंत्र देताना जॉब शीट, म्हणजे यंत्र जमा केल्याची नोंद असलेला कागद, घ्या. 'ठेवून जा, फोन करतो' यावर यंत्र ठेवायचं नाही. जॉब शीटवर तारीख, सिरियल नंबर, सोबत दिलेल्या वस्तू (साइड हँडल, डेप्थ रॉड, पेटी) आणि तक्रार यायला हवी. बिट देऊ नका, हरवतात. तक्रारीच्या रकान्यात 'चालत नाही' लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही. मी लिहायला लावलं ते असं: '१२ मिमी बिट, काँक्रीट, एका बाजूने आगीचं कडं, वेग कमी, जळका वास, त्यानंतर चालवलेलं नाही.' पुढे हेच वाक्य उपयोगी पडलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला, 'ओव्हरलोडने जळलंय, वॉरंटीत बसत नाही, आर्मेचर आणि मजुरी धरून एवढे होतील.' बहुतेक जण इथे पैसे भरून मोकळे होतात. कामाचा खोळंबा होतो म्हणून भरतात, त्यांना दोष देता येत नाही. मी दोन गोष्टी मागितल्या: नकाराचं कारण जॉब शीटवर लेखी, आणि उघडलेलं आर्मेचर बघायला.

आर्मेचर समोर आलं की काय बघायचं ते नीट सांगतो, कारण अख्खा निकाल यावर लागतो. कॉम्युटेटर म्हणजे तांब्याच्या पट्ट्यांचं कडं, ज्यावर कार्बन घासतो. यंत्र खरंच ताकदीबाहेर चालवलं असेल, तर सगळ्या गुंडाळ्या सारख्याच करपतात. वार्निश चौफेर काळंकुट्ट होतं, पट्ट्या सगळीकडून निळसर-काळ्या पडतात, आणि आर्मेचरभोवतीची न फिरणारी गुंडाळी, म्हणजे फिल्ड कॉइलही, सोबत भाजते. माझ्या आर्मेचरवर शेजारशेजारच्या दोनच पट्ट्या खड्डे पडून काळ्या झाल्या होत्या. बाकीच्या पट्ट्या तपकिरी आणि गुळगुळीत होत्या, म्हणजे जशा असायला हव्यात तशा. त्या दोन पट्ट्यांना जोडलेली एकच गुंडाळी करपली होती आणि फिल्डचं वार्निश स्वच्छ चकाकत होतं. एवढ्या जागेपुरतं जळणं बहुधा आतल्या आत वेढ्याला वेढा शॉर्ट झाल्याने किंवा पट्टीशी तारेचा जोड कच्चा राहिल्याने होतं. तो बनावटीतला दोष. ताण पडून जळतं तेव्हा एकाच गुंडाळीवर थांबत नाही.

तिथेच चार फोटो काढले: कॉम्युटेटर जवळून, आर्मेचर पूर्ण, फिल्ड आणि पाटी. टेक्निशियन तरुण होता, त्याने वाद घातला नाही. पण काउंटरवर निर्णय बदलायचा अधिकार त्याला नव्हता, हे समजून घ्यावं. बहुतेक अधिकृत सेंटरं स्वतंत्र मालकाची असतात. वॉरंटीत बसवलेल्या पार्टचे पैसे त्यांना कंपनीकडून मागून घ्यावे लागतात, आणि कारण पटलं नाही तर कंपनी दावा फेटाळते. म्हणून शंका असली की सेंटर 'ओव्हरलोड' लिहून मोकळं होतं. आपण त्याच्या हातात पुरावा दिला की त्याचंही काम सोपं होतं.

त्याच संध्याकाळी कंपनीच्या सर्व्हिस विभागाला ईमेल पाठवली. मजकूर दहा ओळींचा: मॉडेल, सिरियल, बिलाची तारीख, जॉब शीटचा क्रमांक, नकाराचं लेखी कारण, माझी हरकत तीन ओळींत, आणि फोटो. राग, धमकी काही नाही. दोन दिवसांनी फोन आला. विचारलेले प्रश्न असे: किती व्यासाची भोकं, सलग किती वेळ, एक्स्टेन्शन किती लांब, जनरेटर होता का?

एक्स्टेन्शनचा प्रश्न वाजवी आहे. १ चौरस मिलिमीटरची ५० मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर तांबं, साधारण १.८ ओहम. ८०० वॉटचा हॅमर साडेतीन अँपिअर घेतो, त्यात सहा-सात व्होल्ट पडतात, चालतं. पण त्याच वायरीवर १४ इंची, २००० वॉटच्या वरचा, लोखंड कापायचा चॉप सॉ लावला तर १० अँपिअरला १८ व्होल्ट जातात. साइटवर आधीच २००-२०५ व्होल्ट असतील तर यंत्राला १८५ मिळतात. वेग पडतो, वेगासोबत आतला पंखा मंदावतो, माणूस जास्त जोर देतो, करंट वाढतो, आणि हे चक्र आर्मेचर जाळूनच थांबतं. मोठ्या यंत्राला २.५ चौरस मिलिमीटर वापरा आणि केबल रिळावरून पूर्ण सोडून ठेवा. गुंडाळलेली केबल स्वतःच तापते.

२६ मिलिमीटरच्या हॅमरबद्दलही हेच. पेटीवर लिहिलेले २६ ही काँक्रीटमधली शेवटची मर्यादा आहे, दिवसभराचं काम नव्हे. त्या जातीच्या यंत्राला १६ मिलिमीटरपर्यंतचं काम रोज द्या. त्यापुढे, किंवा टाइल उखडायला दिवसभर छिन्नी लावायची असेल, तर पाच किलोच्या वर्गातला, जाड दांड्याचे बिट घेणारा एसडीएस-मॅक्स हॅमर घ्या. नाहीतर पुढच्या वेळी ओव्हरलोडचा शेरा खरा असेल.

आठव्या दिवशी मंजुरी आली, अकराव्या दिवशी यंत्र.

ईमेलला उत्तर आलं नसतं तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 'धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही' असं कारागिराला बरेचदा ऐकवलं जातं. ते पूर्ण खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्टीकरण आहे की केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी वस्तू घेऊन स्वतः वापरली, तर तो 'व्यावसायिक हेतू' धरला जात नाही. स्वतःच्या हाताने हॅमर चालवणारा रेलिंगवाला ग्राहक आहे. पन्नास कामगारांना यंत्रं वाटणारा ठेकेदार बहुधा नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगात फी नाही.

या सगळ्या धावपळीत कळलं की यंत्र घेताना सर्व्हिसच विकत घ्यायची असते, आणि ती पेटीवरच्या वर्षांत मोजता येत नाही. लिख्टेनस्टाइनमधल्या शान गावी १९४१ साली सुरू झालेली हिल्टी दुकानदारांमार्फत विकण्याऐवजी स्वतःच्या माणसांमार्फत थेट कारागिराला विकते. तिच्या पद्धतीत सुरुवातीच्या काळात झिजणाऱ्या भागांसकट दुरुस्ती विनाखर्च असते, आणि नंतरही एका दुरुस्तीच्या बिलाला वरची मर्यादा ठरलेली असते. यंत्र महाग पडतं, पण बिलावरून वाद होत नाही. जर्मनीची फेस्टूल ३० दिवसांत नोंदणी केली की ३६ महिने सगळं सांभाळते, आणि मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षं पार्ट देण्याची हमी देते. पार्टची ही हमी मला वॉरंटीपेक्षा मोलाची वाटते. आपल्या बाजारात दहा-बारा वर्षं चालणारी यंत्रं आहेत, ती सहाव्या वर्षी एका गिअरसाठी भंगारात जातात.

म्हणून नवं यंत्र घेण्याआधी मी आता दुकानदाराला विचारतो ते असं: आपल्या जिल्ह्यात अधिकृत सेंटर आहे का, की पुण्याला पाठवावं लागतं? आर्मेचर, स्विच आणि कार्बन शेल्फवर आहेत का? दुरुस्तीआधी लेखी अंदाजपत्रक मिळतं का, आणि बदललेला जुना पार्ट परत देतात का? आणि पार्टसचं ड्रॉइंग खुलं आहे का? बॉश, मकितासारख्या कंपन्यांच्या यंत्रांची सुटी ड्रॉइंगं नंबरासकट बघायला मिळतात. पार्ट मागताना नुसतं मॉडेल सांगू नका, एकाच नावाच्या मॉडेलचे दोन-तीन प्रकार असतात. बॉशच्या पाटीवर दहा अंकी टाइप नंबर असतो, तो द्यायचा, नाहीतर बेअरिंगचं माप चुकतं आणि आठवडा जातो.

बॅटरीच्या यंत्राचं थोडं वेगळं. १८ व्होल्टचा पॅक म्हणजे ३.६ व्होल्टचे पाच सेल ओळीने. त्यातला एक सेल फार खाली गेला की चार्जर लाल दिवा मारून नकार देतो, आणि दोष बहुतेकदा महिनोन्महिने रिकामा ठेवल्याचा असतो. अर्धा भरून ठेवा. फुगलेला किंवा बिघडलेला लिथियम पॅक कुरिअरने पाठवायचा नाही, हवाई मार्गाने त्याला बंदीच आहे. सेंटरवर हातानेच न्यावा लागतो.

वॉरंटी संपल्यावर मी स्वतःपुरता हिशेब ठेवला आहे: दुरुस्ती नव्या यंत्राच्या चाळीस टक्क्यांच्या आत असेल तर करायची. हॅमर ठोकायचा थांबला पण फिरतो, तर आर्मेचर नव्हे, आतल्या ओ-रिंगा आणि ग्रीस बघायला सांगा. हे काम स्वस्तात होतं.

यंत्र परत घेताना काउंटरवरच चालवून पाहिलं. मिनिटभर मोकळं, नव्या कार्बनला बसू देत, मग कोपऱ्यातल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावर एक भोक. ठिणग्या बारीक निळ्या आणि कार्बनच्या खालीच, कडं नाही. बंद झालेल्या जॉब शीटवर बदललेल्या पार्टचा नंबर, तारीख आणि त्या पार्टची वॉरंटी किती हे लिहून घेतलं. तो कागद मूळ बिलाच्या झेरॉक्सला टाचून प्लास्टिकच्या पिशवीत घातला आणि हॅमरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला.