आमची वाटचाल : काळ्या प्लॅस्टिकवरचं पांढरं मेण

सोलापुरात होटगी रस्त्याला आमचं गाडी धुण्याचं आणि पॉलिशचं सेंटर आहे. सुरुवात झाली ती एक रॅम्प, एक प्रेशर पंप, मी आणि माझा धाकटा भाऊ, एवढ्यावर. तेव्हा रॅम्पवर जास्त करून मारुती ८००, ओम्नी आणि इंडिका यायच्या. बॉनेट, छप्पर आणि दारं चकाकली की मालक खूश. बंपर सोडला तर काळं प्लॅस्टिक त्या गाड्यांना फारसं नव्हतंच.

मग २०१३ साली इकोस्पोर्ट आली, २०१६ ला ब्रेझा, २०१७ ला नेक्सॉन. चाकांच्या कमानी, दारांची खालची बाजू, बंपरची कड, सगळीकडे दाणेदार काळं प्लॅस्टिक. अशा गाड्या वाढल्या तसं आमच्या दारात वेगळंच गिऱ्हाईक उभं राहू लागलं. गाडी दुसरीकडून पॉलिश करून आणलेली, रंग छान, पण काळ्या पट्ट्यांवर पांढरे फराटे. "धुऊन बघितलं मालक, जात नाही," हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं की पुढं आमचा धंदा त्याच वाक्यावर उभा राहिला.

हे प्लॅस्टिक बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. त्याच्यावर रंग नाही, रंगावरचा पारदर्शक थर म्हणजे क्लिअर कोटही नाही. लिंबाच्या सालीवर असतात तसे बारीक खळगे मात्र असतात. मशीनचा पॅड कडेवरून घसरला की पॉलिशमधलं मेण आणि कंपाउंडमधली, म्हणजे ओरखडे घालवायच्या पेस्टमधली, घासणारी पूड त्या खळग्यांत जाऊन बसते. ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून मिळणारं कार्नौबा मेण वितळायला ८२ ते ८६ अंश तापमान लागतं. साध्या पाण्यानं आणि शॅम्पूनं ते हलणार कसं? त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. उन्हात लावलेलं मेण पुसायच्या आतच वाळतं.

पण दिसेल तो पांढरेपणा मेणाचाच, असं धरून आम्ही कधीच कामाला लागत नाही. आमच्याकडं बोअरचं पाणी जड. त्याचे क्षार वाळले की गोल ठिपके उठतात. ते व्हिनेगरनं सुटतात, मेण मात्र व्हिनेगरला दाद देत नाही. तिसरा प्रकार उन्हाचा. प्लॅस्टिक वरून जळून राखाडी पडतं, तिथं पुसून काढण्यासारखं काही नसतंच. ओळखायला आम्ही थोडं पाणी शिंपडतो. मेण असेल तिथं पाण्याचे मणी होतात, जळक्या प्लॅस्टिकवर पाणी पसरतं. शिवाय मेणाचे फराटे नेहमी रंगाच्या कडेला लागून असतात. ऊन सगळी पट्टी सारखीच खातं. ही पारख आमच्याकडं नव्या पोराला पॉलिशच्या मशीनआधी शिकवतात.

काम सावलीत आणि गार गाडीवर. आधी कोमट पाणी आणि शॅम्पू, म्हणजे धूळ निघते; नाहीतर ब्रश फिरवताना तीच घासली जाते. पट्टी कोरडी केली की आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं. तेही कपड्यावर घ्यायचं, पट्टीवर फवारायचं नाही, कारण शेजारच्या रंगावरचं चांगलं मेण उगाच उतरतं. एका वेळी वीतभर जागा. मऊ ब्रश उभा आणि आडवा फिरवायचा, सुटलेलं मेण लगेच ओल्या टॉवेलनं उचलायचं. थांबलात तर ते पुन्हा खळग्यांत बसतं. इथं आपला सोलापुरी टेरी टॉवेल फार कामाचा. त्याचे फंदे दाण्यांत शिरतात. गुळगुळीत सुती फडकं वरूनच सरकतं. एवढ्यानं नाही निघालं तर ऑल पर्पज क्लीनर, एकास दहा गरम पाणी, आणि शेवटी स्वच्छ पाण्याचा हात. चिवट रेघेला पोरांचं पांढरं खोडरबर लावून बघा, छोट्या जागी ते खरंच चालतं.

वाफेचं मशीन आम्ही मुद्रा योजनेतून किशोर गटाचं (रकमेनुसारचा दुसरा टप्पा) कर्ज काढून घेतलं. वायपरखालची जाळी, आरशाचं बूड, छपरावरच्या रेल्सचे कोपरे, जिथं बोट पोचत नाही तिथलं मेण वाफेनं मऊ होऊन बाहेर येतं. नोझल वीतभर लांब आणि सतत फिरतं ठेवायचं. आमच्यासारख्या छोट्या सेंटरला ती मोठी उडी होती, पण तिनं हात दिला. जुन्या गाड्यांचे डीलर आमच्याकडं नेमानं येऊ लागले ते या कामासाठी.

डिझेलचा हात मारून पट्टी काळी करून देणं आम्ही पहिल्यापासून नाकारलं. डिझेल, खोबरेल, पट्टी काळी दिसावी म्हणून लावायचा चकचकीत सिलिकॉन ड्रेसर, सगळ्यांनी पांढरं झाकतं. दोन पाऊस झाले की वर येतं, आणि तेलकट पट्टीवर धूळ बसते ती वेगळीच. पेट्रोल आणि थिनर तर गाडीजवळ आणूच नये. पॉलिप्रॉपिलीनवर कायमचे डाग पडू शकतात, आणि हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेट काचेला थिनर लागलं तर तिला बारीक तडे जातात. ड्रेसर आम्हीही लावतो, पण मेण पूर्ण निघाल्यावर. आधी लावला तर घाण आतच कोंडते. काही गिऱ्हाइकं यावरून परत गेली. जाऊ दिली.

२०२० च्या लॉकडाऊननं सगळ्यांसारखं आम्हालाही बसवलं; त्यावर जास्त लिहीत नाही. त्यानंतर सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर घट्ट बसणाऱ्या कडक थराची, मागणी आली आणि काळ्या प्लॅस्टिकचा प्रश्न आणखी अवघड झाला. रंगावरचं कोटिंग पट्टीवर सांडून घट्ट झालं की अल्कोहोलनं निघत नाही. रंगावर ते घासून काढता येतं. दाणेदार प्लॅस्टिकवर घासलं तर दाणेच जातात. म्हणून मशीन सुरू करण्याआधी प्रत्येक काळ्या कडेला मास्किंग टेप लावणं हा आमचा पक्का नियम आहे. दसऱ्याच्या आधी दारात रांग लागते, सगळ्यांना पूजेला गाडी हवी असते, "टेप राहू द्या, घाई आहे" असा आग्रह होतो. तरीही टेप लावूनच गाडी पॉलिशला जाते. एवढ्यासाठी त्या आठवड्यात आम्ही गाड्या कमी घेतो. भावाचं आणि माझं यावर एकमत आहे.

तुमच्या गाडीवर असे फराटे असतील तर येताना आधी लावलेल्या पॉलिशची बाटली, नाहीतर तिच्या लेबलचा फोटो आणा. आत मेण आहे, घासणारी पूड आहे की सिरॅमिक, हे कळलं की पट्टी किती सुधारेल ते काम हातात घेण्याआधीच सांगता येतं.