कोंबडीची पिल्लं दिवसाढवळ्या जात होती, चोर सापडला. आता गडग्याचं (दगडी कुंपणाचं) काय करायचं?

काल सकाळी राखेत ठसा उमटला आणि कोडं सुटलं. पाच बोटं, प्रत्येक बोटापुढे नखाचा बारीक ठिपका. म्हणजे मांजर नाही, कुत्राही नाही. मुंगूस.

अंड्यांवर बसवलेल्या तांबडीची, माझ्या गावठी कोंबडीची, बातमी आधी. ती शेवटपर्यंत अंड्यांवरून हलली नाही आणि गावठीबरोबर वनराजचीही पिल्लं निघाली. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ही जात परसात छान वाढते, पण सहसा खुडूक (अंडी उबवायला) बसत नाही, म्हणून गावठीच्या पोटाखाली तिची अंडी ठेवली होती. दुसऱ्या पिढीत वनराजचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत, ते मान्य. तरी ती काळी-करडी पिल्लं तांबडीच्या पंखातून डोकं काढून बघायला लागली तेव्हा इन्क्युबेटर घ्यायचा विचार मी सोडूनच दिला. तापमान, आर्द्रता, अंडी फिरवणं, सगळं ती न सांगता करते.

आणि मग पिल्लं गायब व्हायला लागली. तीही भर दुपारी.

वरून काही येणं शक्य नव्हतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून आणलेली मासेमारीची जुनी जाळी वर ताणल्यापासून घार आणि शिक्रा दोघांचाही बंदोबस्त झालाय. रात्रीचाही प्रश्न नव्हता. उदमांजर, रानमांजर ही रात्रीची गिऱ्हाइकं, आणि संध्याकाळी कोंबड्या डालून खुराड्याला कडी घातली की सकाळपर्यंत पीसही हलत नाही. भटकी कुत्री आत शिरली असती तर एकावर थांबली नसती. चार-पाच मारून तिथेच टाकून गेली असती. इथे रक्त नाही, पिसं नाही. एक पिल्लू कमी, बस्स.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शेजारच्या काकींच्या मांजरीवर, मनीवर संशय घेतला होता. मला खटकत होता तो तांबडीचा आवाज. घार दिसली की ती एकच लांब, बारीक किंचाळी मारते आणि पिल्लं जिथल्या तिथे दडतात. शत्रू जमिनीवरचा असेल तर मान उंच ताणून कट्-कट्-कटाक सुरू करते आणि थांबतच नाही. पिल्लू गेलं तेव्हा दर वेळी हाच दुसरा आवाज होता, आणि तोंड मागच्या गडग्याकडे. मनी तर पुढच्या दाराने येते.

म्हणून चुलीतली राख मैद्याच्या चाळणीने चाळून घेतली आणि गडग्याच्या कडेने हातभर रुंद पट्टा पसरला. राख कोरडी हवी आणि थर अगदी पातळ, नाहीतर ठसा ढासळतो. पाऊस थांबल्याशिवाय हे जमलंच नसतं. मनीचे ठसेही मिळाले, पण पाण्याच्या भांड्यापाशी: चार बोटं, नखांची खूण नाही, कारण मांजर चालताना नखं आत ओढून घेतं. कुत्र्याची बोटं चारच, पण नखं दिसतात. पाच बोटं आणि नखं, ती फक्त गडग्याजवळ. पट्टा ओलांडून आलेली रांग जांभ्याच्या दोन चिऱ्यांमधल्या फटीपर्यंत सरळ परत गेलेली.

काकींना दाखवलं. मनीवरचा आळ गेला म्हणून त्यांना बरं वाटलं, पण लगेच म्हणाल्या, "मुंगसाला गडगा म्हणजे घरच रे. गडगा काय काढणारेस?"

काढणार नाही. पहिला विचार होता खुराड्यामागच्या फटी सिमेंटने भरून टाकायच्या. पण गडगा सामाईक आहे, आणि तो कोरडा रचलेला असतो तो उगीच नाही. पावसाळ्यात वरच्या आवाराचं पाणी त्याच फटींतून झिरपतं. फटी बुजवल्या तर पाणी मागे तुंबून एखाद्या जुलैत सगळा बांध आडवा. शिवाय मुंगूस पलीकडची फट शोधेलच. फासकी लावण्याचा सल्ला कुणी देऊ नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसाला संरक्षण आहे, आणि कायदा नसता तरी मी लावली नसती. माझ्या परसातल्या घुशी आणि साप तोच आटोक्यात ठेवतो.

तेव्हा हलवायचं ते कोंबड्यांना. मोकळं आवार गडग्यापासून दूर न्यायचं आणि मधलं रान कापून जमीन उघडी ठेवायची. मुंगूस आडोशाआडोशाने येतो. गडग्याला लागून गवत माजलं होतं, त्यातून तो थेट जाळीपाशी पोचत होता.

जाळीबद्दल माझं मत पक्कं झालंय. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवायला ठीक, शत्रूला बाहेर ठेवायला कुचकामी. आमच्या खाऱ्या हवेत ती बघता बघता गंजते आणि हाताने फाटते. अर्ध्या इंची जीआय वेल्डमेशच (जस्ताचा मुलामा दिलेली, वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी) घ्या, आणि दुकानात गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा विचारा. आकडा मोठा तितकी तार बारीक. एका दुकानदाराने मला उलटं सांगून बारीक तार गळ्यात मारायचा प्रयत्न केला. खाली कातळ असल्याने जाळी पुरणं आमच्याकडे अशक्य. त्याऐवजी ती तळाशी काटकोनात बाहेर वळवून फूटभर जमिनीवर पसरायची आणि वर चिरे ठेवायचे. उकरणारा प्राणी उभ्या जाळीच्या बुडाशीच उकरतो, आणि तिथे त्याच्या पायाखालीच जाळी असते.

हे लिहितानाच एक सुचलं. काकींचा कुत्रा मोती दिवसभर फणसाखाली बांधलेला असतो. मध्ये साखळीला धरून त्याला रोज कोंबड्यांसमोर बसवत होतो, ते आठवत असेल. आता तांबडी त्याच्या नाकासमोरून गेली तरी तो जांभई देतो. त्याचा दुपारचा खुंटा त्या उघड्या पट्टीच्या टोकाला, सावलीत हलवला तर? पिल्लांपर्यंत साखळी पोचणार नाही, पण गडग्यातून बाहेर पडणाऱ्याला आधी मोतीचा वास लागेल. तसं जमलं तर मागच्या बाजूला दुहेरी जाळी लावायचा खर्च वाचेल. काकींना आज संध्याकाळी विचारतो.

तोवर पिल्लं दिवसा डालग्याखाली, तांबडीसकट. तिला ते अजिबात आवडलेलं नाही. रविवारी लासोटाचा, म्हणजे राणीखेत रोगावरच्या लसीचा, दुसरा डोस आहे. कुपी विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांची पिल्लं एकत्र आणतोय. बर्फाचा थर्मास माझ्याकडे.

ज्यांच्याकडे जांभ्याचे गडगे आहेत त्यांनी एवढं सांगा: उघडी पट्टी किती रुंद ठेवलीत, आणि पावसाळ्यात रान परत वाढल्यावर ती टिकते का?