आयर्विनचा आकडा, डच सॉफ्टवेअर आणि बदली झालेले साहेब

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी उठला की आधी मोबाईलवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी बघतो. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरांना पण पाठ असतं. कोल्हापूरकरांचं तेच पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर, त्यांचे आकडे ३९ आणि ४३. २०१९ ला आयर्विनजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, त्याबद्दल परत लिहीत नाही, ज्यांच्या घरात शिरलं त्यांना काय सांगायचं.

मला लिहायचंय ते हा आकडा कुठनं येतो, कोण मोजतं, पुढं त्याचं काय होतं त्याबद्दल. कारण ग्रुपवर हल्ली एकच सूर असतो, वर्ल्ड बँकेचं कर्ज काढलं, साहेब लोक परदेश फिरून आले, आणि पूर काय थांबला का? अर्धं बरोबर आहे ते. अर्धं नाही.

१९९५ साली वर्ल्ड बँकेच्या मदतीनं आपल्याकडं हायड्रॉलॉजी प्रोजेक्ट, म्हणजे पाण्याचे आकडे नीट मोजायचा आणि एकत्र ठेवायचा प्रकल्प, सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्यापासून त्यात होता (गोवा दुसऱ्या टप्प्यात आला, २००६ ला). पैसा बँकेचा, आणि तांत्रिक मदत नेदरलँड्सची. डच लोकच का, तर त्यांच्या देशाचा बराच भाग समुद्राच्या पातळीखाली, १९५३ च्या पुरात १८०० च्या वर माणसं गेली त्यांची, तेव्हापासून पाणी मोजणं त्यांनी फारच सिरियसली घेतलंय. तिथल्या डेल्फ्ट शहरातल्या मंडळींनी हे आकडे साठवायचं आणि तपासायचं हायमॉस नावाचं सॉफ्टवेअर आणलं आणि आपल्या इंजिनियर लोकांना बसवून शिकवलं.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण त्याआधीची परिस्थिती बघा. केंद्रीय जल आयोग आपलं वेगळं मोजणार, राज्याचं पाटबंधारे खातं वेगळं, पाऊस हवामान खात्याकडं, विहिरींची पातळी भूजलवाल्यांकडं, आणि हे सगळं रजिस्टरात, रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या माणसाकडं. एखाद्याला धरण डिझाईन करायचं तर वीस-तीस वर्षांचे आकडे गोळा करण्यातच वर्ष जायचं.

माझे एक मामा तेव्हा खात्यात होते, त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. "अरे, कॉम्प्युटर शिकायला काय, महिनाभरात शिकलो. पण तोपर्यंत नोकरीत कुणी विचारलंच नव्हतं की हा आकडा कुठनं आणलास म्हणून." म्हणजे वरच्या केंद्रावर धो धो पाऊस आणि खालच्या केंद्रावर नदीची पातळी जैसे थे, असं दिसलं की सॉफ्टवेअर तो आकडा बाजूला काढणार, मग गेज रीडरला, म्हणजे नदीवरची पट्टी वाचणाऱ्या माणसाला, विचारा, पट्टी खरंच वाचली की घरी बसून कालचाच आकडा टाकला. शिवाय पातळी आणि विसर्ग या दोन वेगळ्या गोष्टी. पट्टीवर फूट कुणीही वाचेल, पण एवढ्या फुटाला किती क्युसेक पाणी जातं हे कळायला पात्रात प्रत्यक्ष वेग मोजावा लागतो, आणि मोठ्या पुरात नदीचा तळ बदलला की ते गणित परत मांडावं लागतं. हे कंटाळवाणं काम आहे, याचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही. तरी माझ्या मते परदेशी भागीदारीतनं आपल्याला मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, आकड्याला जाब विचारायची सवय.

दुसऱ्या टप्प्यात डेन्मार्कची डीएचआय ही पाण्यावर काम करणारी संस्था आली. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी पाऊस आणि पातळी आपोआप पाठवणारी यंत्रं आणि त्यावर चालणारं पुराच्या अंदाजाचं मॉडेल. आमच्यासाठी हे महत्त्वाचं, कारण कोयना १०५ टीएमसीचं (म्हणजे १०५ अब्ज घनफुटांचं) धरण, ऑगस्टमध्ये मोकळं ठेवलं आणि पुढं पाऊस झाला नाही तर वीज आणि शेती दोन्ही बोंबलणार, भरलं आणि वरनं पाऊस कोसळला तर आम्ही बुडणार. दार किती उघडायचं हे अंदाजावर ठरतं. अर्थात मॉडेल म्हणजे जादू नव्हे, जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पडला, आणि धरणांच्या खाली पडलेल्या पावसाला तर दारच लावता येत नाही, त्याला मॉडेल तरी काय करणार.

आता चिडचिड होते ती इथं. प्रोजेक्ट असतो तोवर सगळं चकाचक. प्रोजेक्ट संपला की देखभालीचं कंत्राट संपतं. मी एक केंद्र बघितलंय, कुठलं ते सांगत नाही, सोलर पॅनेल गायब, डब्यात गांधीलमाश्या. आणि ज्या इंजिनियरला मॉडेल शिकवलं त्याची तीन वर्षांनी बदली, तो आता भूसंपादनाच्या फायली बघतोय आणि त्याच्या जागी आलेल्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात. शिकवणारे परदेशी असोत नाहीतर देशी, शिकलेला माणूस टेबलावर टिकलाच नाही तर क्षमता वाढली कुणाची?

आणि असं नाही की आपण कायम शिकणारेच. खडकवासल्याचं जल व विद्युत संशोधन केंद्र १९१६ चं आहे. रुरकीला १९५५ पासून आशिया-आफ्रिकेतले इंजिनियर पाण्याचं शिक्षण घ्यायला येतात, आणि युनेस्कोच्या मदतीनं १९७२ ला तिथं जलविज्ञानाचा आंतरराष्ट्रीय कोर्स सुरू झाला. एवढं सगळं असून गावातल्या पर्जन्यमापकाची बॅटरी बदलायला माणूस नाही, हे जरा जास्तच होतं राव.

२०१६ पासून तिसरा टप्पा, नॅशनल हायड्रॉलॉजी प्रोजेक्ट, सगळ्या राज्यांसाठी, जवळपास ३६८० कोटींचा, त्यातला निम्मा पैसा वर्ल्ड बँकेचं कर्ज. इंडिया-डब्ल्यूआरआयएस या केंद्र सरकारच्या वेबसाईटवर आता बरेच आकडे कुणालाही बघता येतात, मी बघतो, फुकट आहेत, तुम्ही पण बघा. गंगा, ब्रह्मपुत्रा, सिंधूचे मात्र गोपनीय. कृष्णेचं तसं नाही, तरी कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरनं ५२४.२५६ करायचा विषय निघाला की दोन्ही राज्यं आपापला अभ्यास काढतात आणि दोन्हींचे निष्कर्ष आपापल्या सोयीचे. डेन्मार्कच्या संस्थेशी करार झाला, शेजारच्या कर्नाटकाशी बोलणं मात्र अजून पुराच्या पुरतं. पूर्वीपेक्षा बरंय, पावसाळ्यात अधिकारी एकमेकांना फोन तरी करतात.

आता परत वर्ल्ड बँकेच्या मदतीनं कृष्णेच्या पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायची योजना आहे. त्यात कोटी किती, बोगदे किती, हे सगळं पेपरात येतंय. मला एवढंच विचारायचंय की त्यात गेज रीडरची पदं भरणार का, आणि बँक गेल्यावर यंत्रांच्या देखभालीचा पैसा बजेटच्या कुठल्या हेडमधनं येणार. खात्यातल्या कुणाला ठाऊक असेल तर खरंच सांगा.